पिकअपचं विंच आणि बांधावरचा धोंडा

"दोर सोडा! सायेब, दोर सोडा!"

खालच्या खाचरातून किसन धोतर वर खोचत, चिखलातून उड्या मारत ओरडत येत होता. मी त्याला पाहून मोठ्या ऐटीत हात हलवला. किसन म्हणजे माझ्या तांदूळवाल्या बबनचा धाकटा भाऊ. आदल्या संध्याकाळी माझ्या गप्पांना सगळ्यात जास्त हसलेला माणूस. मला वाटलं, विंचाचा तारेचा दोर तुटून आपलं डोकं ताम्हिणी घाटापलीकडे कोकणात जाऊन पडेल, या काळजीने तो धावतोय.

माझी पिकअप खाचरात अशी बसली होती, जशी म्हैस डबक्यात बसते. चाकं दिसत नव्हती. समोरच्या बंपरवर विंच होतं. ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: विहिरीच्या रहाटाला आडवं करून लोखंडात घडवलं की विंच होतं. हँडल फिरवायचं, तारेचा दोर गुंडाळत येतो आणि दोराचं दुसरं टोक जिथे अडकवलं असेल तिकडे गाडी स्वतःच स्वतःला ओढत नेते. माझ्या दोराचं दुसरं टोक वरच्या बांधावर उभ्या असलेल्या एका धोंड्याला होतं. आसपास बांधण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

आमची सौ. बांधावर उभी होती, दोन्ही चपला हातात.

"अहो, तो काहीतरी सांगतोय."

"शाबासकी देतोय," मी म्हणालो आणि सगळं अंग टाकून हँडलचा आणखी एक फेरा घेतला.

गाडी हलली नाही. धोंडा हलला. जुनाट दाढ निघावी तसा आधी कुरकुरला, मग कलला, मग बांधाचा चांगला हात-दोन हाताचा लचका बरोबर घेऊन खाली आला आणि चिखलावरून घसरत गाडीच्या नाकाशी येऊन थांबला.

किसनने ओरडणं बंद केलं. जिथे होता तिथेच तो उभा राहिला. तो ओरडत होता तोवर मला काही वाटलं नव्हतं. तो गप्प झाला आणि मी हँडल सोडलं.

पुणे

ही गाडी माझ्याकडे कशी आली ते मी पेठेत सगळ्यांना सांगितलेलं आहे. महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात एका गोऱ्या सेनापतीने तिच्यातून माघार घेतली, वाघ मागे लागला, तरी हिने वाघाला धूळ चारली, वगैरे. सौ.च्या माहितीप्रमाणे ती युद्धात छावणीच्या भटारखान्याचे बटाटे वाहत होती आणि लिलावात आली तेव्हा तिच्या हौद्यात कोंब फुटलेले दोन बटाटे सापडले. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

गाडी मूळ होती तशीच होती. जशी कारखान्यातून निघाली तशी, एक खिळाही वरचा नाही. दिवाळी झाली की मुळशीकडे बबनच्या खळ्यावर जाऊन वर्षाचा आंबेमोहर आणायचा, आणि तोही थेट खळ्यापर्यंत गाडी नेऊन, असा माझा बेत होता. आजवर बबन तांदूळ डोक्यावरून सडकेपर्यंत आणायचा आणि तिथून एस.टी.च्या टपावर टाकून पुण्याला पोचवायचा. त्याची ही पायपीट मी एका गाडीनिशी संपवणार होतो. पण तिकडच्या वाटा म्हणजे वाटा नव्हेत, नुसता पाण्याने आणि बैलांनी केलेला समझोता. तेव्हा गाडीला काहीतरी बसवणं भाग होतं.

जुन्या बाजारात लष्करी सामानाचे ढीग होते आणि माझ्या खिशात दिवाळीनंतर मध्यमवर्गीय माणसाच्या खिशात असतं तेवढंच होतं. त्यात एकच मोठी वस्तू बसत होती. गॅरेजच्या मिस्त्रीने निवड पुढे मांडली. खोल खाचांचे टायर, जे चिखल धरतात. मागच्या पाट्यांत, म्हणजे स्प्रिंगांत, एक पान वाढवून घेतलं तर गाडी वीतभर उंच होते आणि दगडावर पोट घासत नाही. इंजिनाच्या चेंबरखाली जाड पत्रा मारला तर दगड लागून तेल सांडत नाही. किंवा मग विंच.

"आधी टायर घ्या," सौ. म्हणाली. तिला मोटारीतलं काही कळत नाही, असं मी तेव्हा समजत होतो. "आणि एक फावडं, दोन फळ्या नि सुंभाचा दोर टाका मागे. रुतल्यावर काढायचं बघण्यापेक्षा रुतू नये ते बघा."

"टायर कुणाला दिसतात?" मी म्हणालो.

हेच खरं कारण होतं. टायर खाली असतात, त्यांना चिखल लागला की नवे-जुने सारखेच. पत्रा तर गाडीच्या पोटाखाली. तो दाखवायचा म्हणजे लोकांना जमिनीवर आडवं व्हायला सांगावं लागतं. विंच समोर असतं, छातीवरच्या पदकासारखं. मी विंच घेतलं. ज्यांना अशी गाडी घेऊन मावळात उतरायचंय त्यांना सौ.चा क्रम सांगून ठेवतो: आधी टायर, मग पत्रा, मग पाटे. विंच सगळ्यांत शेवटी, आणि ते कशाला बांधायचं याचा विचार त्याच्याही आधी.

पौड

भूगाव, भुकूम, पिरंगुट इथवर विंचाला लोकांनी माना वळवून पाहिलं. घोटावड्याच्या फाट्यावर एका बैलाने पाहिलं आणि तो गाडीसकट ओढ्यात उतरला. पौडला चहाला थांबलो. हॉटेलवाले चाचा कपबशी ठेवायला आले ते बंपरपाशीच थांबले.

"हे काय, उसाचं गुऱ्हाळ?"

मी त्यांना विंच समजावून सांगितलं. भर घालून सांगितलं. या दोराने मी खंडाळ्याच्या घाटात घसरलेलं एक इंजिन डब्यांसह वर ओढलं, असं निघून गेलं तोंडातून. चाचांनी मान डोलावली आणि बशीत चहा ओतत विचारलं, "बांधता कशाला?"

"झाडाला."

"खाचरात झाड कुटं असतंय, सायेब?" म्हणाले, "म्हशीला बांधा. पर म्हशीला आधी इचारा."

हॉटेलातले सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. चहा मात्र फार छान होता. गवती चहा आणि आलं, वर म्हशीच्या दुधाची साय. पुण्यात या रंगाला आम्ही बासुंदी म्हणतो.

वाडी

वाडीचं नाव सांगत नाही. धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला आहे एवढं पुरे. भात कापून झालं होतं. उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाचरं उतरत गेलेली, त्यांत पिवळी खुंटं, आणि सगळ्या शिवारात आंबेमोहराचा असा वास की माणसाने नुसती भाकरी घेऊन बांधावर बसावं आणि वासाशी खावी.

गाडी वाडीच्या तोंडाशी बैलगाडीच्या वाटेवर उभी केली. संध्याकाळी बबनच्या ओसरीवर पंगत बसली. बबन, त्याच्या शेजारी किसन, मग मी. काशीवैनींनी, म्हणजे बबनच्या बायकोने, तांदळाची भाकरी, खेकड्यांचं कालवण आणि नव्या भाताचा ढीग वाढला. आमच्याकडे पाहुण्याला आग्रह करताना भांडं हातात धरून विचारतात. इथे विचारत नाहीत. तुम्ही पाणी प्यायला मान वर केली की खाली पानात टेकडी झालेली असते.

मी रंगात आलो होतो. सेनापती झाला, वाघ झाला, खंडाळ्याचं इंजिन झालं. डबे पौडला होते त्यापेक्षा वाढले. किसनला हसून हसून ठसका लागला. बबनने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या आणि आपल्या तांब्यातलं पाणी दिलं.

आत स्वयंपाकघरात काशीवैनी सौ.ला सांगत होत्या, ते मला तिच्याकडून झोपायच्या वेळी कळलं. या दोघा भावांचं कित्येक साल बोलणं नव्हतं. दोघांची खाचरं लागून. मधला बांध दर पावसाळ्यात चिखलणीत इकडचा तिकडे होतो, म्हणून टोकाला हद्दीचा धोंडा. तो धोंडा किसनने सरकवला असा बबनला संशय. शेवटी यंदा चैत्रात त्यांच्या चुलत्याने, नानांनी, किसनला आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. "म्या धोंड्याला हात लावल्याला न्हाई," असं तो म्हणाला आणि बबनने ते मानलं. भादव्यात म्हातारी गेली, तेव्हा खांदा दोघांनी एकत्र दिला. आता दोन्ही घरांत एकमेकांच्या कालवणाच्या वाट्या जातात-येतात.

मी हे अर्धवट झोपेत ऐकलं. कुठला धोंडा, कुठला बांध, हे विचारायचं मला सुचलं नाही.

सकाळी बबन खळ्यावर पोती भरायला पुढे गेला. जाताना बजावून गेला, "सायेब, गाडी हितंच ऱ्हाऊ द्या. खाचर वरनं सुकल्यागत दिसतंय, आत लोणी हाय. पोती म्या आणतो."

ज्या गाडीने ब्रह्मदेश पालथा घातला तिच्यासमोर डोक्यावरून पोती आणणार? मी किल्ली फिरवली. पहिलं खाचर पार केलं. दुसऱ्यात मध्यावर गेलो, आणि गाडी लोण्यात बसली. जुने, गुळगुळीत टायर जागच्या जागी भिरभिरले आणि खाली गेले. मग मी विंचाचा दोर सोडला, आणि झाड शोधायला मान वर केली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे.

बबन खळ्यावरून पळत आला. त्याने खाली पडलेला धोंडा पाहिला, ढासळलेला बांध पाहिला. धोंड्याचा खड्डा उरलाच नव्हता. वरच्या झऱ्याचं पाणी त्या लचक्यातून खाली वाहायला लागलं होतं आणि सगळा नुसता गारा झाला होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

"कुटं हुता?" त्याने विचारलं.

किसनने पायाच्या अंगठ्याने दाखवलं. "हितं."

"हितं कुटला? हिकडं हुता."

दोघांच्या बोटांत दीड हाताचं अंतर होतं. दीड हात बांध म्हणजे लांबवर खाली जाऊन भाताची एक सबंध ओळ, दरवर्षी. पण आवाज चढले नव्हते अजून. किसन तर शांतपणे म्हणाला, "आपुन कशाला वाद घालायचा, दादा? सायेबांनी दोर बांधला. त्यांनी बघितलाय. सायेबांस्नी इचार."

आणि दोघेही माझ्याकडे पाहायला लागले.

मी तो धोंडा पाहिला होता, एवढंच खरं. दोर अडकवताना मी त्याची उंची पाहिली, जाडी पाहिली, त्याच्यावर लावलेला शेंदराचा ठिपकाही पाहिला आणि मनात म्हणालो, हा पक्का आहे. तो बांधाच्या कुठल्या जागी उभा होता हे मला काशीविश्वेश्वराने विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. ‘मला माहीत नाही’ एवढंच म्हणायचं होतं. लहान मूलही म्हणतं. मी आजवर कुठल्याच प्रश्नाला तसं म्हटलेलं नव्हतं आणि त्या दिवशी सुरुवात करणं मला जड गेलं.

"इकडे," मी म्हणालो, आणि बबनच्या बोटाखालची जागा दाखवली. बबनच्या घरचं जेवलो होतो आणि बबन माझ्या जवळ उभा होता. याहून मोठं कारण शोधून मला सापडलेलं नाही.

सौ.ने माझी बाही ओढली. पण माझं तोंड एकदा सुरू झालं की ते उतारावरच्या गाडीसारखं असतं. "अगदी नक्की," मी म्हणालो. "दोर टाकण्याआधी मी डोळ्यांनी अंतर मापून घेतो, सवयच आहे. हद्दीच्या दाव्यांत कोर्टाने मला साक्षीला बोलावलंय. माझ्या शब्दावर न्यायाधीशांनी नकाशे फिरवलेत."

किसन माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. तो रागावला नव्हता. तो विचारात पडला होता, की आपलंच चुकलं की काय. ते मला आज सगळ्यात जास्त छळतं. त्याने माझं खरं मानलं होतं.

बबन मात्र एकदम वळला.

"माझ्या डोळ्यादेखत दीड हात खातुयास? मोकळी जागा बघितलीस न् लगीच?"

"दादा, मला वाटलं..."

"मागं बी असंच वाटलं असंल. म्हातारीच्या डोईवर हात ठिवलास." बबनचा आवाज खाली आला. "खोटी आण घेतलीस. म्हणून गेली ती."

वाडीतली माणसं गोळा झाली होती. किसनची बायको पाण्याची कळशी घेऊन वाटेवर उभी होती. काशीवैनींनी तोंडाला पदर लावला. किसन हळूच खाली बसला.

मी बोलायला हवं होतं. अजून वेळ होता. मी रुमालाने विंचाच्या हँडलवरचा चिखल पुसत उभा राहिलो.

तेवढ्यात नाना आले. थकलेले, काठी टेकत, वाटेत कुणीतरी सगळं सांगितलेलं. ते बांधावर उकिडवे बसले, एकदा बबनकडे, एकदा किसनकडे पाहिलं. माझ्याकडे पाहायची त्यांना गरज वाटली नाही.

"बोलून झालं न्हवं?" म्हणाले. "मग आता उकरा. किसननं दावलं तितं."

"कशापाई?" बबन म्हणाला. "सायेबांनी..."

"उकर म्हणतो तर."

बबनने कुदळ घेतली. वरचा गारा बाजूला केला, मग घट्ट काळी माती लागली, मग कोपरभर खोल गेल्यावर कुदळीला कुरकुर लागली. नानांनी वाकून मूठभर बाहेर काढलं आणि तळहातावर धरलं. कोळसा होता, आणि खापराचे तुकडे.

"आमच्या बापानं हद्द घातली तवा खाली पुरला हुता," नाना म्हणाले. "धोंडा हालतो, कोळसा न्हाई हालत. कुजत न्हाई, वाळवी लागत न्हाई. हद्दीखाली उकरू नये म्हणत्यात, म्हणून चैतात बोललो न्हाई. पोराच्या शब्दावर भागत हुतं."

धोंडा किसनने दाखवलेल्या जागीच होता, आजही आणि मागेही. त्याने तो कधीच सरकवलेला नव्हता. आईच्या डोक्यावरचा हात खरा होता.

बबनच्या हातात कुदळ तशीच राहिली. तो काहीतरी म्हणायला गेला. पण जे बोलून झालं होतं ते कोळशाने परत आत जाणार नव्हतं. वाडीतल्या माणसांनी मिळून धोंडा उचलला, खड्ड्यात उभा केला, चहूबाजूंनी दगड ठासले, बांध लिंपला. किसनही हात लावत होता. भावाच्या हाताला हात लागणार नाही असा.

मग गाडी काढायची होती. माझं विंच तिथे निव्वळ शोभेचं होतं. बैलांच्या जोड्या जुंपल्या आणि त्यातली पहिली जोडी किसनची होती. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने विंचाकडे पाहिलंसुद्धा नाही. सुंभाचा दोर मागच्या हुकाला बांधला, बैलांना हाळी दिली. पिकअप मोठा आवाज करत चिखलातून मागे निघाली, जशी आली होती तशी. किसनने दोर सोडून गुंडाळला आणि बैल घेऊन गेला.

मी त्याच्या मागे चार पावलं गेलो. काहीतरी म्हणायचं होतं. तोंडात फक्त न्यायाधीश आणि नकाशे येत होते, म्हणून परत फिरलो.

बबनने पोती गाडीत टाकली. त्या दिवशी त्याने भाव केला नाही की हिशेब केला नाही. मी हातावर ठेवलं ते न बघता कमरेला लावलं. पौडपर्यंत सौ. चपलांचा चिखल खरवडत बसली होती. चाचांच्या हॉटेलासमोरून मी गाडी न थांबवता नेली. चाचांनी दारातून हात केला, बहुतेक म्हशीबद्दल विचारायला.

पिरंगुटच्या पुढे सौ. म्हणाली, "तुम्ही बघितलं नव्हतं ना?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान बाहेर वळवली. त्या वर्षीचा आंबेमोहर फार चांगला निघाला, घरभर वास येई. मी जेवायला बसलो की सौ. मला भाताऐवजी पोळी वाढायची.

विंच मी मोडीत घातलं. त्याच्या जागी टायर घेतले, खोल खाचांचे. कुणाला दाखवले नाहीत. पेठेत आता कुणी ब्रह्मदेशाचं विचारलं तर मी बटाट्यांचं सांगतो. लोकांना ती थाप वाटते.

माघात मी एकटाच वाडीला गेलो. गाडी नेली नाही. एस.टी.ने पौडच्या पुढे उतरलो आणि चालत गेलो. खाचरांत आता वाल उभा होता, शेंगांनी लगडलेला. बांध नीट होता, धोंड्यावर नवा शेंदूर होता. बबनच्या बाजूचं खाचर पेरलेलं, किसनच्या बाजूचं पेरलेलं, आणि मधल्या बांधावर गवत वाढलं होतं. पायवाट मोडली होती. कालवणाच्या वाट्या ज्या वाटेने जायच्या, ती.

किसन शेंगा तोडत होता. मी जवळ गेलो, वाकून दोन शेंगा तोडल्या, त्याच्या पाटीत टाकल्या. घरून पाठ करून आलो होतो ते सगळं म्हटलं. मी पाहिलं नव्हतं, मी उगाच बोललो, माझ्यामुळे झालं. त्याने ऐकून घेतलं. हात थांबला नाही.

"बबनराव बोलतात ना तुमच्याशी?" मी विचारलं.

किसनने पाटी पुढे सरकवली.

"धोंडा जाग्याव हाय," तो म्हणाला.